माहेरचा रकाना

जालन्याला जाऊन आले असं सांगितलं की लोक विचारतात, "तिथं बघण्यासारखं काय आहे?" मी सांगते, फाइली. त्यांना तो विनोद वाटतो. पण मी खरंच फाइली बघायला गेले होते. चार दिवसांत मोसंबी खाल्ली, येसराची आमटी ओरपली, रानात चप्पल तोडून घेतली, आणि तिथं तापलेलं डोकं परत आल्यावरही निवलेलं नाही. राग गार झाल्यावर लिहावं म्हणतात. मी दोन महिने थांबले. तो गार होत नाही म्हटल्यावर आता तसाच लिहायला बसले आहे.

आधी माझं काम सांगते. वीस-बावीस वर्षं मी प्रसूतिगृहात सिस्टर होते. पाठीनं दगा दिल्यावर पुण्यातल्या एका संस्थेत लागले. ही संस्था गरोदर बायकांना द्यायच्या औषधांचे अभ्यास चालवते. त्या अभ्यासांच्या नोंदी खऱ्या आहेत का, नियमाप्रमाणे आहेत का, हे तपासत मी गावोगाव फिरते. या वेळचा अभ्यास अंगात रक्त कमी असणाऱ्या बायकांचा होता. गोळ्यांनी रक्त लवकर भरतं की सलाइनमधून लोह दिल्यावर, एवढा साधा प्रश्न. निम्म्या जणींना गोळ्या, निम्म्या जणींना सलाइन, आणि बाळंतपणानंतर दीड महिना होईपर्यंत अधूनमधून रक्त तपासायचं.

हसनाबादच्या केंद्रावर नाव नोंदवलेल्या अकरा जणी मधूनच गायब झाल्या होत्या. आमचे मुख्य डॉक्टर, ज्यांना मी इथं नुसतं साहेब म्हणणार आहे, मीटिंगमध्ये म्हणाले, "खेड्यातल्या बायका. फुकटचं औषध घेतात आणि पळतात. बांधिलकी म्हणून नाही." उचलली जीभ लावली टाळ्याला. मी जाऊन एवढंच पाहायचं होतं, की पळालेल्या प्रत्येकीला नियमाप्रमाणे तीन वेळा फोन केला होता की नाही. केला असेल तर खाली सही ठोकायची आणि परतीची गाडी पकडायची. माणसांची नावं मी बदलली आहेत, आणि एका खेड्याचं नाव मुद्दाम गाळलं आहे.

नवीन जालना, सोमवार

स्टेशनबाहेर पडलं की बियाणं कंपन्यांच्या पाट्या सुरू होतात. एवढाली कापसाची बोंडं, एवढाली वांगी. रिक्षावाल्यानं विचारलं, "मॅडम, कोणत्या कंपनीत? बियाण्याच्या का?" मी म्हटलं, "नाही, बायकांच्या." त्यानं रिक्षा सुरू केली.

आमचं ऑफिस एका बँकेच्या वरच्या मजल्यावर. तिथला समन्वयक प्रशांत, पस्तिशीचा, हसरा, टापटिपीचा माणूस. त्याच्या फाइली बघून मला आधी कौतुकच वाटलं. कुठं खाडाखोड नाही, कुठं कोरी जागा नाही. अकराही जणींच्या नावापुढं फोनच्या तीन तारखा, तीन वेळा, आणि शेवटी निळ्या शाईत "संपर्क तुटला". त्यानं मोसंबीचा रस मागवला. तो पीत मी पानं उलटत होते आणि एका रकान्यापाशी थांबले. "आधीची बाळंतपणं." पहिलीच्या पुढं शून्य. दुसरीच्या पुढं शून्य. मी भराभर पानं उलटली. अकराच्या अकरा शून्यं.

"प्रशांत, या सगळ्या पहिलटकरणी आहेत."

"हौ मॅडम."

"मग गेल्या कुठं?"

"माहेरी गेल्या असतील की," तो सहज म्हणाला.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. रस तसाच खाली ठेवला. या माणसाला माहीत होतं. माहीत होतं आणि त्यानं "संपर्क तुटला" लिहिलं होतं.

"मग तिथं फोन का नाही केला?"

"फॉर्मात माहेरचा रकाना न्हाई ना मॅडम. कायमचा पत्ता आन् नवऱ्याचा नंबर, एवढंच हाय. त्याच्यावर बराबर तीनदा केला. तारखा टाकल्यात."

"तुमच्या घरी कोण कोण असतं?"

तो गोंधळला. "मी, आई."

"बायको?"

"ती परतूरला हाय. माहेरी. पहिलं लेकरू हाय ना."

"म्हणजे तीही हरवली. तिला केले का तीन फोन?"

त्याचा चेहरा उतरला. शेजारच्या टेबलावरचा कारकून खाली मान घालून स्टेपलरशी खेळायला लागला. मग प्रशांत अगदी हळू, अपमान करायचा नाही अशा बेतानं म्हणाला, "मॅडम, फॉर्म पुण्याहून येतो. तपासणाऱ्यांत शेवटच्या पानावर तुमचीबी सही हाय."

"मी औषधाचे डोस तपासले होते. पत्ते नाहीत," मी ओरडले. मला वाटतं खालच्या बँकेतही ऐकू गेलं असेल.

आणि मग मंदाची फाइल उघडली. वय वीस, सासर हसनाबाद. सातव्या महिन्यात ओटी भरून ज्या दिवशी ती माहेरी निघाली, त्याच दिवशी जाताजाता केंद्रावर रक्त देऊन गेली होती. पळून जाणारी बाई रक्त देऊन जात नाही, हे साहेबांना कुणी तरी सांगा. ते रक्त पुण्याच्या लॅबला गेलं आणि तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन सहा. वर लाल शिक्का, "तातडीने कळवा". मग नवऱ्याला तीन फोन. बंद, बंद, बंद. नवरा जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला आणि तिथं मोबाइल गेटवरच काढून घेतात. फोन तिन्ही वेळा सकाळी अकरा ते दुपारी चारमध्येच केलेले, कारण आमच्या ऑफिसची वेळ ती.

मी बोटांवर आठवडे मोजले. तिचे दिवस भरायला जेमतेम दोन आठवडे उरले होते. बाळंतपणात सगळ्यांचंच रक्त जातं. धडधाकट बाईला ते सोसतं. अंगात सहा रक्त असलेल्या बाईला तेवढंच रक्त जाणं जिवावर बेततं, आणि जवळ रक्ताची पिशवी नसेल तर बघता बघता बेततं. अशा बायका मी वॉर्डात पाहिल्या आहेत. एकीचा हात माझ्या हातात असताना थंड झाला होता.

साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "तुम्ही पेशंटला भेटायचं नाही. नियम तुम्हाला माहीत आहे." माहीत आहे. तपासणाऱ्यानं फक्त कागद बघायचे, बाईला भेटायचं नाही, तिची ओळख झाकलेली राहावी म्हणून. हा नियम मीच नव्या मुलींना शिकवते. "तिथली टीम आणखी एकदा प्रयत्न करील. तुम्ही सही करा आणि या." मी हो म्हटलं, सही केली नाही, आणि सकाळी हसनाबादची एसटी पकडली.

हसनाबाद, मंगळवार

रस्त्याच्या दोन्ही अंगांना शाळू उभा होता, मधूनच हरभरा, आणि कापूस वेचून झालेल्या वाळक्या पऱ्हाट्या. एरवी मी अशा रानाकडं बघत बसले असते. त्या दिवशी प्रत्येक थांब्याला कंडक्टरवर चिडत होते.

गावातल्या गरोदर बायकांची नोंद ठेवणाऱ्या आशा सेविका म्हणजे शोभाताई. बौद्ध वस्तीत दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली मुलीच्या नर्सिंगच्या पुस्तकांचा ढीग. मी कोण ते सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "जय भीम. बसा. पहिलं जेवा, मंग बोला." मी म्हटलं वेळ नाही. त्यांनी ऐकलंच नसल्यासारखं ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, कांदा. येसर म्हणजे डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, गरम पाण्यात कालवलं की झणझणीत आमटी तयार. आमच्या मिरजेकडं हे नाही. दुसरी भाकरी मी स्वतःहून मागितली हे कबूल करते.

जेवता जेवता अकरा नावं वाचून दाखवली. शोभाताईंनी फळीवरून एक लाँगबुक काढलं, शाळेच्या वहीसारखं खाकी कव्हर घातलेलं. प्रत्येक पानावर गरोदर बाईचं नाव, महिना, आणि त्यापुढं दोन रकाने पट्टीनं आखलेले. माहेर. भावाचा नंबर.

मी हात धुवायचं विसरले. "हे तुम्हाला कुणी सांगितलं लिहायला?"

"कुणी कशाला सांगायला पाह्यजे? ओटी भरायच्या दिशी भाऊ येतोच की न्यायला. तो चहा पेतो तवर नंबर घेते त्याचा. नवऱ्याचा फोन काय कामाचा, ती त्याच्यापाशी ऱ्हातीच कुठं तवा?"

"प्रशांतला दाखवलं का हे?"

"दाखवलं. म्हणले, ताई, फॉर्मात जेवढं इचारलंय तेवढंच द्या."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आमचा वळसा पुण्याहून होता आणि दोन वर्षं चालला होता. पहिलं बाळंतपण माहेरी हे काही मराठवाड्याचं खूळ नव्हे, आमच्याकडंही हेच. सातव्यात न्यायचं, कारण आठव्यात प्रवास नको. बाळंतपणानंतर सव्वा महिना तिथंच. आता आमच्या अभ्यासाच्या तपासण्या बघा. एक आठव्या महिन्यात, एक बाळंतपणात, एक दीड महिन्यानं. म्हणजे पोर सासरी नसते नेमके तेच दिवस आम्ही शोधून काढले होते, आणि तिला सासरच्या दारात शोधत होतो. गोळ्या बऱ्या की सलाइन बरं, याचं उत्तर आम्ही देशभर सांगणार होतो आणि त्यात पहिलटकरीण एकही नसती.

शोभाताईंनी फोन लावायला सुरुवात केली. अर्ध्या तासात नऊ जणी सापडल्या. दोघी तर बाळं घेऊन कधीच परत आल्या होत्या आणि दोन गल्ल्या पलीकडं राहत होत्या. एकीनं फोनवर विचारलं, "ते रक्त तपासायला येनार व्हते ना, कामून आले न्हाई?" पळालं कोण होतं?

दहावं पान आलं. त्यावर नाव होतं सुनीता, आणि नावावरून लाल पेनाची रेघ. शोभाताईंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"ही वारली, ताई. पावसाळ्यात. बाळंत झाली माहेरी, आन् रगत थांबलंच न्हाई. दवाखान्यात नेस्तोवर गेली. लेकरू हाय, आजी सांभाळती."

"आमच्या फाइलीत ती..." मी यादी पुढं केली.

"ठाऊक हाय. म्या सांगितलं व्हतं प्रशांत सरांना. ते म्हणले, मृत्यूचा दाखला आणा, त्याबिगर भरता येत न्हाई. आता दाखला तिच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत, दुसऱ्या तालुक्यात. म्या कवा जाऊ?" त्यांनी वही मिटली. "तुमच्या कागदात ती हरवली असंल, ताई. आमी तिच्या मातीला जाऊन आलो."

मी नर्स म्हणून पुष्कळ मरणं पाहिली. पण मेलेल्या बाईला पळाली म्हणायचं आणि वर तिलाच बेजबाबदार ठरवायचं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. बाहेर ओट्यावर येऊन मी साहेबांना, प्रशांतला, त्या लाल शिक्क्याला, सगळ्यांना शिव्या दिल्या. शोभाताईंनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मंदाचं बघू. ती तर हाय ना अजून."

मंदाच्या भावाचा फोन लागेना. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. आम्ही तिच्या सासरी गेलो. सासू दारातच भेटल्या, स्वभावानं बऱ्या. "सुनंचा भाऊ मेंढरं घेऊन रानात असंल. या दिसांत बसवत्यात त्येंची." म्हणजे शेतकरी आपल्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवून घेतात, चार रात्री इथं, चार तिथं. मी विचारलं, तपासणीची फाइल, कार्ड, कुठं आहे? सासूबाई आत गेल्या आणि पत्र्याच्या पेटीतून रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाइल घेऊन आल्या. "म्याच ठिवून घेतली. माहेरात हरवून बसली असती."

आम्ही दिलेला, अडचण आली तर फोन करा असं लिहिलेला नंबर त्या पेटीत सुखरूप होता.

अंबडच्या पुढं, बुधवार

सकाळी शोभाताईंच्या दारात प्रशांतची गाडी उभी. मी बोलावलं नव्हतं. खिडकीतून मान काढून म्हणाला, "मॅडम, रात्री बायकोला फोनवर सांगितलं. ती लई बोलली मला. बसा." मी पुढं बसले आणि अंबड येईपर्यंत त्याच्याकडं पाठ करून खिडकीबाहेर बघत राहिले. मागं शोभाताई मंदाची फाइल मांडीवर धरून बसल्या होत्या.

मंदाचं माहेर अंबडच्या बाजूचं, आणि अंबडला बाजार भरला होता. मंदाचं जे नाव आमच्या फाइलीत होतं ते तिथं कुणाला ठाऊक असणार? ते सासरचं नाव. मी तेच चार जणांना विचारत हिंडले. शोभाताई सरळ मेंढ्या विकायला बसलेल्या एका म्हाताऱ्याकडं गेल्या.

"बाबा, सखारामची मेंढरं कुठं बसलीत? ज्याची लेक पहिलटकरीण आलीय."

"ती व्हय? मोसंबीच्या बागंपल्याड. तीन दिस झाले." त्यानं काठीनं दिशा दाखवली. "लई वाळलीय पोर. दवाखान्यातले हाय का तुमी? उशिरा आले."

मी मान हलवली आणि गाडीकडं पळाले.

गाडी बागेपर्यंत गेली. पुढं काळं ढेकळांचं रान. झाडांना मोसंबी लगडलेली, पाटात पाणी झुळझुळत होतं, फेब्रुवारीचं ऊन अजून बोचत नव्हतं. सहलीला आले असते तर छान लिहिलं असतं. त्या ढेकळात माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि मी एक पाय अनवाणी, तोंडानं बडबडत चालले. दोन दांडगे कुत्रे अंगावर धावून आले. पलीकडून एक बाई ओरडली तसे जागच्या जागी बसले. ती मंदाची आई, पारूबाई.

जाळीच्या कुंपणात मेंढ्या, एक घोडं, तीन दगडांची चूल, आणि बाजेवर मंदा. पोर उठून बसली तर तेवढ्यानं तिला धाप लागली. ओठ आणि नखं एकाच रंगाची. मी तिची खालची पापणी ओढून पाहिली, आत कागदासारखं पांढरं. पाय सुजलेले. उशाला पाटीवरच्या पेन्सिलींचा डबा, अर्धा संपलेला.

"डोहाळे हैत तिला," पारूबाई म्हणाल्या. "पेन्सिली खाती. म्या म्हणलं खाऊ दे."

हे डोहाळे नव्हेत. अंगात लोह उरलं नाही की बायका माती, राख, पेन्सिली खातात, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मी ते सांगितलं. रिपोर्टबद्दलही सांगितलं, की तिचं रक्त फार कमी आहे, महिन्यापूर्वीच आम्हाला कळलं होतं, आत्ताच्या आत्ता जालन्याच्या सरकारी दवाखान्यात जायला हवं, बाळंतपण तिथंच, रक्त चढवून.

पारूबाई ऐकत होत्या. त्यांनी सांगितलं की त्या पोरीला घेऊन जवळच्या केंद्रावर गेल्या होत्या. तिथं म्हणाले, पहिलं कार्ड आणा. कार्ड सासूपाशी. भाऊ आणायला जाणार होता, पण मेंढ्या सोडून कोण जाईल, म्हणून राहिलं. पोरीला गावातल्या घरी एकटी ठेवायची नाही म्हणून रानात आणली. यात आईचं काय चुकलं, मला सांगा.

"येते मी संगं," त्या म्हणाल्या, आणि वळून चुलीपाशी बसल्या. तव्यावर भाकरी होती. ती उलटली, दुसरी थापायला घेतली.

"बाई, भाकरी कसल्या करताय? वेळ नाही!" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी मान वर केली नाही. "महिनाभर वेळ व्हता म्हणता ना तुमच्यापाशी? आता एका भाकरीपुरता न्हाई का? पोर सकाळपासून उपाशी हाय."

प्रशांत माझ्या मागं उभा होता. तो खाली बसला आणि चुलीत काटक्या सारायला लागला. मी बाजेवर मंदाजवळ बसले. चार भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून झाल्यावरच आम्ही निघालो. ढेकळांतून मंदाला हातांची खुर्ची करून उचलून आणली, एका बाजूनं तिचा बाप सखाराम, एका बाजूनं प्रशांत. वाटेत तिनं दोनदा थांबायला सांगितलं, श्वास घ्यायला. शोभाताई पुढं कुत्री हाकलत आणि फोनवर दवाखान्याला कळवत चालल्या होत्या. गाडीत सगळ्यांनी तीच भाकरी खाल्ली. मीही खाल्ली.

जालना, गुरुवार

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर पोरीनं बुधवारी संध्याकाळी पापणी बघितली आणि लगेच कामाला लागली. गुरुवारी सकाळपर्यंत एक पिशवी चढली होती, दुसरी चालू होती. कारखान्यातून रजा टाकून मंदाचा नवरा आला होता. त्याला मी ओरडायचं ठरवलं होतं. तो स्वतः रक्त देऊन हाताला कापूस दाबून बसलेला दिसला, तेव्हा जमलं नाही.

दहाच्या सुमाराला साहेबांचा फोन आला. प्रशांतनं त्यांना सगळं कळवलं होतं, काही न लपवता. साहेब चिडलेले नव्हते, हेच मला जास्त लागलं. थंडपणे म्हणाले, बाई वाचली हे चांगलंच आहे, पण तपासणाऱ्यानं पेशंटला भेटून नियम मोडला हे लेखी जाईल. आणि बाहेरचं रक्त चढवल्यामुळं मंदाचे आकडे आता अभ्यासाला निरुपयोगी, तिला वगळावं लागेल.

"आणि सुनीता?" मी विचारलं.

"दाखला आल्यावर बघू."

"आणि फॉर्म?"

"फॉर्म मंजूर झालेला आहे. चालू अभ्यासात मधेच रकाना वाढवता येत नाही. पुढच्या वेळी विचार करू."

मी त्यांना जे सुनावलं ते इथं छापण्यासारखं नाही. वऱ्हांड्यातल्या बायका वळून बघायला लागल्या. फोन ठेवला आणि तडक ऑफिस गाठलं. अकराही फाइलींत मी सुनीता मेली असं, आणि दहा जणी कुठं आहेत ते, स्वतःच्या अक्षरात लिहून आले आहे. खोडायचं असेल त्यानं खोडावं.

मग वॉर्डात गेले. शोभाताई परत निघाल्या होत्या, गावात आणखी एकीची ओटी होती आणि भावाचा नंबर घ्यायचा होता. पारूबाई जिन्याखाली झोपल्या होत्या. मी मंदाच्या पलंगावर बसून मोसंबी सोलायला घेतली. तिच्या ओठांना किंचित रंग आला होता. पहिल्यांदाच ती आपणहून माझ्याशी बोलत होती, मला किती मुलं, काय करतात. ती अगदी साधेपणानं विचारत होती, वॉर्डातल्या बायका विचारतात तसं.

"तुमचं पहिलं लेकरू कुठं झालं, ताई? पुण्याला?"

"नाही. मिरजेला."

"मिरज म्हणजे सासर?"

"माहेर," मी म्हटलं. "सातव्यात आईनं नेलं होतं. चार महिने होते तिथं."

तिनं फोड तोंडात घातली. माझ्याकडं बघितलं. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"मंग तुमाला ठाऊक व्हतं की."

माझ्या हातात निम्मी सोललेली मोसंबी होती. ती मी पुरी सोलली, एकेक फोड वेगळी केली, आणि तिच्या हातावर ठेवत राहिले.